शिपाई मोहित्याची पेशी

“फेटा उतरवा,” सुभेदार मेजर निकम मला म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. कारण थोड्या वेळापूर्वी तो गुलाबी फेटा त्यांनीच स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यावर बांधला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या, फोटो निघाला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा फेटा बांधलेला माणूस बसतो तसा मी मान ताठ ठेवून नुसते डोळे फिरवत बसलो होतो.

“उतरवू? म्हणजे आत्ता?”

“पेशीला उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर काही नसतं. कमरेचा पट्टाही काढा.”

माझ्या पँटचा आणि माझ्या पोटाचा जो काही समझोता होता, तो त्या पट्ट्यावरच टिकून होता. हे मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “पट्टा राहू द्या.”

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होतील. मी तेव्हा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होतो, आणि फावल्या वेळात, म्हणजे मुख्यतः कचेरीच्या वेळात, मी एक किशोर कादंबरी लिहिली होती. ‘वाळूतला पहारा’. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर गेलेल्या गोविंद मोहिते नावाच्या शिपायाची ती गोष्ट. लढाईचा माझा अनुभव विचाराल तर यात्रेत फुगे फोडण्यापुरता, आणि त्यातही फुगेवाल्यानं मला जरा जवळ येऊन मारायला सांगितलं होतं. पण नगर वाचनालयात बसून मी बरंच वाचलं, आणि उरलेलं ठोकून दिलं.

पुस्तक आलं आणि मी वाचकांच्या प्रतिक्रियांची वाट बघत बसलो. पहिली घरातूनच आली. बायको म्हणाली, “चांगलं आहे. पण तो गोविंद सारखा एवढा बोलतो कशाला? लढायला गेलाय ना?” आमचे हेडक्लार्क हिंगमिरे मला जनरलसाहेब म्हणू लागले, आणि रजेचा अर्ज पुढे केला की ‘रणांगण सोडून कुठं निघालात?’ असं विचारू लागले. मुखपृष्ठ करणाऱ्याला रणगाडा कसा असतो ते ठाऊक नव्हतं. त्यानं ट्रॅक्टरला नळी लावून दिली होती. त्यामुळे शिराळ्याच्या एका मुलानं कार्ड टाकून विचारलं की, ट्रॅक्टर कुठल्या प्रकरणात येतो, आम्ही सगळं पुस्तक शोधलं. एका मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं की नववं प्रकरण सोडलं तर पुस्तक उत्तम आहे.

नवव्या प्रकरणात गोविंदच्या खंदकावर तोफांचा मारा होतो. तो बंदूक खाली ठेवतो, रडतो, आणि आईला हाका मारतो. नंतर बंदूक उचलतो आणि उजाडेपर्यंत चौकी राखतो. मला स्वतःला हे प्रकरण फार आवडायचं. जेवणं झाली की मी ते कधीकधी मोठ्यानं वाचायचो, आणि नेमकी तेव्हाच घरातल्या सगळ्यांना झोप यायची.

अशात बोरजाईवाडीच्या माजी सैनिक संघाचा निरोप आला: आपल्या कादंबरीची गावात फार चर्चा आहे, एका रविवारी येऊन जावे. बोरजाईवाडी हे फौजींचं गाव. घरटी एक माणूस सैन्यात द्यायचा, हा तिथला रिवाज. त्या गावात माझी चर्चा, म्हणजे आणखी काय हवं? मी बायकोला म्हटलं, “बघ, खऱ्या सैनिकांना पटलंय.” ती इस्त्रीचा सदरा देत म्हणाली, “चर्चा आहे म्हणालेत ते. पटलंय कुठं म्हणालेत?” बायकोच्या अशा बोलण्याकडे मी तेव्हा लक्ष देत नसे.

गावात माझं झालेलं स्वागत मात्र मंत्र्याला शोभेल असं होतं. स्टँडवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, छातीला पदकं लावलेले म्हातारे रांगेत उभे. शाळेच्या लांबलचक खोलीत आठवी-नववीची मुलं सतरंजीवर बसलेली. फेटा, नारळ, शाल, सगळं यथासांग झालं. मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. पहिल्याच मुलीनं उठून विचारलं, “सर, गोविंद खंदकात तीन दिवस होता. तर तो परसाकडं कुठं जायचा?”

माझ्या कादंबरीत गोविंद तीन दिवस कुठंच गेला नव्हता. हे माझ्या लक्षात तेव्हा पहिल्यांदा आलं. मी म्हटलं, “लढाईत माणसाला कशाची शुद्ध राहत नाही, बाळ.” मागच्या रांगेतले पदकवाले म्हातारे इतके हसले की एकाला ठसका लागला.

मुलं गेली आणि चहा आला. चहा घेऊन आलेल्या बाई कप हातात देऊन तिथंच उभ्या राहिल्या. चाळिशी उलटलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेला, चेहरा दमलेला.

“मी कौसल्या. हवालदार शेडग्यांच्या घरातली,” त्या म्हणाल्या. “सायेब, तुमच्या पुस्तकानं आमच्या घरातलं बोलणं बंद झालंय.”

केवढा हा परिणाम, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी हे वाक्य दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापूनसुद्धा टाकलं.

“आमचा अंकुश बारावी झाला. येत्या सोमवारी साताऱ्याला भरती हाय. आज्जा, बाप, चुलता, समदी फौजेत. आन् ह्यो म्हंतो, मी जात न्हाई, मला भ्या वाटतं. भ्या वाटतं असं आमच्या गावात कुणी म्हंत न्हाई, सायेब. मग बापापुढं तुमचं पुस्तक ठिवलं, म्हनला, बघा, ह्योबी रडला. तवापासनं दोघं बोलत न्हाईत. दिवाळीपासनं. ‘त्याला म्हण, जेवाय ये.’ ‘आबास्नी म्हण, भूक न्हाई.’ एका घरात दोन पुरुष आन् मधी मी निरोपी.” त्यांनी पदरानं तोंड टिपलं. “पोरगं गेलं तर जाऊ द्या, ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या. पण हे मुकं घर मला आता सोसंना. तुमी लिवलंय, तुमीच काय ते निस्तरा.”

मलपृष्ठ मी मनातल्या मनात परत कोरं केलं. मी काही बोलणार, एवढ्यात निकम उठले, दार लोटून घेतलं, आणि फेटा उतरवायला सांगितलं.

पेशी म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावून दिलं. सैन्यात शिपायाकडून आगळीक झाली की त्याची टोपी आणि पट्टा काढून घेतात आणि त्याला वरिष्ठांपुढे उभं करतात. निवृत्त झालेल्या मंडळींनी ही पद्धत गावात आणली होती. बांधाचं भांडण असो, पिऊन केलेला धिंगाणा असो, नाहीतर कोंबडीची चोरी, पोलीस पाटलाच्या आधी पेशी व्हायची, आणि निकाल सगळा गाव मानायचा.

“पण माझी काय आगळीक झाली?” मी विचारलं.

“तुमची नाही. आरोपी आहे शिपाई गोविंद मोहिते.”

“अहो, पण तो कादंबरीतला आहे.”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं,” निकम शांतपणे म्हणाले. “तो येऊ शकत नाही. त्याच्या जागी तुम्ही उभं राहायचं.”

मी हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही, त्यामुळे मीही थांबलो. निकमांचं वय सत्तरीच्या पुढे, पण पाठ अशी सरळ की आपण उगीचच आपली सरळ करावी. त्यांनी पुढे सांगितलं ते ऐकून मी हळूच दाराकडे पाहिलं; ते लोटलेलंच होतं. शेडग्यांच्या घरातला तिढा संघानं पेशीवर घेतला होता. मोहिते निर्दोष ठरला, तर अंकुशनं भरतीला जायचं नाही. दोषी ठरला, तर सोमवारी त्यानं मैदानावर उभं राहायचं. बापलेकांनी हे कबूल केलं होतं.

“मघाशी तर या म्हणाल्या, दोघं बोलत नाहीत.”

“माझ्यामार्फत कबूल केलं,” दाराजवळून कौसल्याबाई म्हणाल्या.

तेव्हा मी त्या दोघांना नीट पाहिलं. हवालदार बाजीराव शेडगे एका भिंतीला, बुटका, जाड मानेचा माणूस, हाताची घडी घालून बसलेला. अंकुश समोरच्या भिंतीला, उंच आणि काटकुळा, माझं पुस्तक मांडीवर. सैन्याच्या मापात बसेल असं पोरगं होतं. नुसतं त्याला जायचं नव्हतं.

निकमांनी आरोप वाचला. शत्रूसमोर हत्यार खाली ठेवणे. रडणे. आईला हाका मारणे. “शिपाई मोहिते, कबूल?”

मी इकडेतिकडे पाहिलं. “हो,” मी म्हटलं. “पण हत्यार त्यानं नंतर उचललं. दहाव्या प्रकरणात.”

“दहाव्याचं दहाव्यात बघू. हवालदार, विचारा.”

बाजीराव उठले. “तुमी लढाईत हुता?”

“नाही.”

“एकाहत्तरला कुठं हुता?”

“पाटबंधारे खात्यात.”

खोलीत खसखस पिकली.

“मग शिपाई रडला, हे तुमास्नी कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. म्हणजे, कल्पना केली.”

“कल्पना,” बाजीराव म्हणाले. ते अंकुशकडे न बघता, पण त्यालाच ऐकू जावं असं बोलत होते. “साताऱ्यात पंख्याखाली बसून कल्पना केली, आन् ती वाचून हितं पिढ्यांचं नाव पाण्यात चाललंय.”

आता इथं एखाद्या बाणेदार लेखकानं काय केलं असतं, ते मला ठाऊक आहे. मी काय केलं तेही सांगतो. पदकं लावलेली एवढी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि माझी बस साडेपाचला होती. मी म्हटलं, “आपल्या भावना दुखावल्या असतील तर तो मजकूर मी दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन.”

पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली होते आणि त्यांच्यामुळे तिथं केरसुणी पोचत नव्हती, हे मी सांगितलं नाही.

अंकुशनं माझ्याकडे पाहिलं. आपलाच वकील समोरच्या पार्टीबरोबर चहा पिताना दिसावा, तसं ते बघणं होतं.

“दुरुस्त नका करू,” तो म्हणाला. “सर, मला येवढंच सांगा, ते खरं हाय का न्हाई? मी तेवढ्या एका पानावर घरात वैर घेतलंय.”

“बरोबर आहे,” निकम म्हणाले. “मोहिते, हो किंवा नाही. ते पान खरं आहे की खोटं?”

खोटं म्हटलं की सुटलो होतो. पोरगं सोमवारी मैदानावर, मी साडेपाचच्या बसमध्ये. तोंड उघडलं तेव्हा मी तेच म्हणणार होतो, देवाशपथ. पण अंकुश अजून बघत होता.

“खरं आहे,” मी म्हटलं. “फक्त ते गोविंदचं नाही. माझं आहे.”

“म्हंजे?” बाजीराव म्हणाले.

“माझं अपेंडिक्स काढलं होतं. अडतीस वर्षांचा होतो मी. ऑपरेशनला आत न्यायला लागले, ते दिवे दिसले, आणि मी ढकलगाडीची कड धरून आईला हाका मारायला लागलो. मोठ्यानं. सोडायलाच तयार नव्हतो. दोन वॉर्डबॉयनी माझी बोटं सोडवली. आई वाईला होती. बायको शेजारी उभी होती, आणि हाक तिला मारली नाही याचा राग तिला अजून आहे. गोविंदला खंदकात बसवलं तेव्हा तो काय करील ते मला सुचेना. मग मी केलं होतं ते त्याला दिलं. एवढंच आहे माझ्याकडे.”

आधी कुणीतरी नाकातून हसलं, मग सगळी खोली हसत सुटली. मघाचा ठसकेवाला म्हातारा तर मांडीवर थापा मारत होता. “अपेंडिक्सचा मोर्चा,” कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा. माझे कान तापले. जन्मात पुन्हा फौजी गावाची पायरी चढायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

बाजीराव मात्र हसले नव्हते. ते उभेच होते. हसणं आपोआप विरलं, तरी ते जमिनीकडे बघत होते.

“आईला न्हाई,” ते म्हणाले.

“काय म्हणालात, हवालदार?” निकमांनी विचारलं.

“मी आईला न्हाई मारली हाक. चंद्रीला मारली.”

“चंद्री कोण?”

उत्तर दाराजवळून आलं. “म्हस,” कौसल्याबाई म्हणाल्या. “झोपंत नाव घेत्यात. लगीन झाल्यावर वरीसभर मला वाटत हुतं, बाई हाय.”

एकदोघांनी तोंडावर हात धरला. पण बाजीराव बोलायला लागले होते, आणि ते इतकं हळू बोलत होते की मागचे लोक पुढे सरकले.

“आई मला ठावी न्हाई. मी पाळण्यात असतानाच गेली. चंद्रीच्या दुधावर वाढलो मी. सांजच्याला बांधावर उभं ऱ्हाऊन हाक मारली की कुठं बी असली तरी यायची. मग तिथं दुसरं नाव कुणाचं घेऊ? आमी वाळूत हुतो. गोळे पडाय लागले. शेजारी कदम हुता. मला म्हनला, बाजी, तंबाखू दे. मी चंची काढून वळलो तर कदम न्हवताच. काय सुदीक न्हवतं तिथं. मी रायफल ठिवली खाली. हात असं तोंडाशी धरलं आन् चंद्रीला हाका मारत बसलो. ‘ये गं चंद्रे, ये गं.’ ती जशी बांधावरच हाय.”

त्यांनी हात खरोखरच तोंडाशी नेले होते. ते तसेच राहिले थोडा वेळ. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते खाली घेतले. मघाशी माझ्या अपेंडिक्सवर मांड्या थोपटणारी माणसं आता आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसली होती.

“रायफल परत उचललीस?” निकमांनी विचारलं. ते आता हवालदार म्हणत नव्हते.

“उचलली.”

“कधी?”

“गोळे थांबल्यावर. दुसरं काय करनार, साहेब?”

“आणि हे तू आजवर कुणाला बोलला नाहीस.”

“कुणाला बोलायचं? हितं कुणी म्हंतच न्हाई तसं.”

निकमांनी आरोपाचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांनी खोलीतल्या एकेका म्हाताऱ्याकडे पाहिलं. कुणी नकाराची मान हलवली नाही. एकानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावायचा विसरला. मला तिथून बाहेर निघून जावंसं वाटत होतं, पण मी आरोपीच्या जागी होतो.

“शिपाई गोविंद मोहिते,” शेवटी निकम म्हणाले, “निर्दोष. अंकुश, तू मोकळा आहेस. हवालदार शेडगे, निकाल मंजूर?”

“मंजूर.”

पेशी संपली होती, तरी कुणी उठेना. अंकुशनं मांडीवरचं पुस्तक बाजूला सतरंजीवर ठेवलं. माझं पुस्तक मी तिथं असताना एखाद्यानं बाजूला ठेवावं आणि मला त्याचं वाईट वाटू नये, असं त्यानंतर पुन्हा कधी झालं नाही. तो उठून बापाच्या भिंतीपाशी आला.

“आबा.”

कौसल्याबाई सवयीनं पुढे झाल्या, निरोप घ्यायला. मग थबकल्या आणि होत्या तिथंच खाली बसल्या.

“आबा, मग दुसऱ्या दिवशी परत कसं बसला तिथं?”

“बसलो. जायचं कुठं?” बाजीराव म्हणाले. “कदमाची चंची माझ्याकडंच ऱ्हायली, म्हंजे माझीच, पण त्यानं मागितलेली. ती हातात धरून बसलो.”

“मला न्हाई जमायचं, आबा.”

“मला तरी कुठं जमत हुतं?” ते म्हणाले. मग म्हणाले, “बरं. ऱ्हाऊ दे.”

मला पोचवायला तिघंही स्टँडवर आले. वाटेत मला वाटत होतं, बाजीराव मला काहीतरी बोलतील. एक तर शिव्या देतील, नाहीतर आभार मानतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. अंकुशला ते कदमांबद्दल सांगत होते, कुठल्या गावचे, आवाज कसा होता, पत्त्यांत कसे चिडायचे. मी मधेच एकदा म्हटलं की हे सगळं लिहायला हवं. दोघांपैकी कुणालाही ते ऐकू आलं नाही. कौसल्याबाई म्हणाल्या, “आता बोलू द्या त्यास्नी.”

बस आली. बाहेरगावी बाजार करून परतणारी बोरजाईवाडीची निम्मी माणसं तिच्यातच होती. ती उतरायला लागली. काही पुढच्या वाडीची होती, ती खिडक्यांतून डोकी काढून बघत बसली. कंडक्टर दारात उभा होता. त्यानं बाजीरावांना ओळखून रामराम घातला आणि अंकुशकडे बोट केलं.

“काय हवालदार, पोरगं लईच उंच झालं की. सोमवारी भरती हाय न्हवं साताऱ्यात? जातंय का मग?”

हा प्रश्न त्या स्टँडवर दर भरतीला विचारला जात असणार, आणि त्याचं उत्तर गावात पिढ्यान्‌पिढ्या एकच होतं. उतरणारी माणसं ते ऐकायला थांबली. अंकुशनं मान खाली घातली. मी पायरीवर एक पाय ठेवून उभा होतो आणि काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी म्हणून शब्द शोधत होतो.

बाजीरावांनी सगळ्या खिडक्यांकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

“न्हाई जात. भितंय ते. माझ्यावर गेलंय.”